हापसीवरचा हिरवा ठिपका

"मान खाली करा, काका. हनुवटी छातीला टेकवायची."

भिवाजीने मान खाली केली, म्हणजे केली असं त्याला वाटलं. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये चांगली चार बोटं जागा उरली होती. विद्यापीठातून आलेल्या वैजयंतीने पुन्हा सांगितलं, तसा तो कमरेतूनच वाकायला लागला आणि शाळेच्या व्हरांड्यात जमलेलं गाव हसलं.

"मान म्हनते थे मॅडम, कंबर नाई," सरपंच जगदेव म्हणाला.

"मान तेवढीच येते बापा माही. मांगच्या साली उलीसी अजून येत व्हती," असं म्हणून भिवाजी स्वतःही हसला आणि अख्खं अंग फिरवून आपल्या जागेकडे गेला. मागे वळून पाहायचं तर त्याला असंच वळावं लागे.

बेबीताई स्वयंपाकखोलीच्या दारात उभी राहून हे बघत होती. भिवाजी तिचा नवरा. ती या शाळेत एकवीस वर्षं खिचडी शिजवत आली होती, आणि आज पाहुण्यांसाठी चहाही तिच्याकडेच होता. लोक हसले तेव्हा ती हसली नाही, पण तिला वाईटही वाटलं नाही. आज वाईट वाटून घ्यायचा दिवस नव्हता. तिच्या बाटल्यांचा निकाल लागायचा होता.

मेडशीच्या फाट्यावरून आत चार किलोमीटरवर धामणदरी. या गावचं पाणी विद्यापीठाने वर्षभर तपासलं होतं, आणि जे सापडलं ते गावाला येऊन सांगायचं असं ज्योत्स्ना मॅडमनी ठरवलं होतं. वैजयंती त्यांच्या हाताखाली शिकणारी. मॅडमनी भिंतीवर गावाचा नकाशा उमटवला. त्यावर सात ठिपके होते. पाण्यात फ्लोराइड नावाचा पदार्थ असतो, त्या म्हणाल्या, तो जमिनीतल्या खडकातून येतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून तो जात नाही. जास्त झाला की आधी पोरांच्या दातांवर डाग पडतात, मग मोठ्यांचे सांधे धरतात, मग मान आणि पाठ लाकडासारखी होते. गावातल्या सात ठिकाणांपैकी सहा ठिकाणी तो जास्त निघाला आहे. ते सहा ठिपके लाल होते.

"आणि हे एकच पाणी पिण्यालायक आहे," मॅडम म्हणाल्या. "विहारामागची हापशी."

हिरवा ठिपका बौद्ध वस्तीत होता, भिवाजी आणि बेबीताई राहत होते तिथेच. व्हरांड्यातली माणसं आधी नकाशाकडे आणि मग एकमेकांकडे पाहायला लागली. वस्तीतली माणसं मागे बसली होती, ती आपसूक ताठ झाली.

"मंग भिवाजीची मान काहून धरली?" जगदेवने विचारलं. प्रश्न रास्त होता. वैजयंतीच्या कपाळावर आठी आली. मॅडमनी भिवाजीला विचारलं की तुम्ही कधी बाहेरगावी होता का. तो म्हणाला, बारा वर्सं अकोल्याले जिनिंगात गठाणी वाहिल्या. मग त्या ओझ्याचं असेल, मॅडम म्हणाल्या. सगळ्यांचं समाधान झालं, बेबीताईचंही.

बाटल्या भरायचं काम तिच्याकडे कसं आलं ते सांगायला हवं. वर्षापूर्वी ही मंडळी पहिल्यांदा आली तेव्हा सहा ठिकाणचं पाणी त्यांनी स्वतः भरलं. वस्तीतल्या हापसीची साखळी त्या दिवशी नेमकी तुटलेली होती. पुढे दर महिन्याला बाटल्या भरून ठेवणारं विश्वासाचं माणूस हवं होतं. हेडमास्तरांनी क्षणभरही विचार न करता बेबीताईचं नाव सांगितलं, कारण एकवीस वर्षांत खिचडी एकदाही करपली नव्हती. वैजयंतीने तिला सगळं समजावलं: कोणत्या बाटलीवर कोणती चिठ्ठी, बाटली काठोकाठ भरायची, झाकण घट्ट लावायचं, उन्हात ठेवायची नाही. पाण्यात काही घालायचं नाही, एवढं मात्र सांगायचं राहिलं. पाण्यात कोण कशाला काय घालेल, असं त्या शिकल्यासवरल्या पोरीला वाटलं असावं.

सहा बाटल्या बेबीताई जसंच्या तसं पाणी काढून भरायची. जगदेवच्या विहिरीत शेवाळ होतं, ते शेवाळासकट भरायची. ज्याचं पाणी त्याच्यापाशी, तिला काय करायचं. पण सातवी बाटली तिच्या वस्तीची होती. हापसीचे पाइप गंजलेले, पाणी तांबूस यायचं. पहिल्या महिन्यात तिने सात बाटल्या ओळीत मांडून पाहिल्या, तर सगळ्यांत घाण दिसत होती ती आपलीच. विद्यापीठातही अशाच मांडतील आणि म्हणतील, हे पाहा, यांचं पाणी.

तिला आपली माय आठवली. माहेरच्या गावी विहिरीवर चढायची सोय नव्हती, म्हणून माय खाली घागर घेऊन उभी राहायची, कोणाला दया येईल तोवर. मग कोणीतरी बाई वरून पाणी ओतायची, लांबून. अर्धं घागरीत पडायचं, अर्धं मायच्या अंगावर. बेबी तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. ओल्या लुगड्याने चालणारी माय तिच्या डोळ्यांसमोरून कधी गेली नाही.

तिने सातवी बाटली ओतून दिली. शाळेच्या टाकीत ती रोज तुरटी फिरवायचीच. तशीच तिने पितळी गुंडात, म्हणजे मोठ्या घागरीत, हापसीचं पाणी घेऊन तुरटी फिरवली, टाकीत फिरवायची त्याच्या तिप्पट, हाताला तुरटीचा खडा झिजलेला कळेपर्यंत. संध्याकाळी झाकून ठेवलं. सकाळी भिवाजीच्या जुन्या धोतराची चौपदरी घडी करून त्यातून गाळलं. पाणी असं निवळशंख झालं की बाटलीत आहे की नाही कळू नये. पाहुण्याच्या हातात पाणी द्यायचं तर ते असं द्यावं. हे तिने चोरून केलं नाही. कोणाला सांगितलंही नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नाही. बारा महिने तिने बारा बाटल्या अशाच भरल्या. घरच्या प्यायच्या पाण्याला एवढे सोपस्कार करायला तिच्याकडे वेळ नव्हता. ते पदराने गाळलं की झालं.

सभेनंतर ग्रामपंचायतीने सहा ठिकाणी लाल फुली मारली आणि हापसीवर हिरवा ठिपका काढला. पाणी शुद्ध करणारं मशीन मिळावं म्हणून जगदेवने अर्ज केला होता. गावात चांगल्या पाण्याची सोय असल्याचे दिसून येते, असं त्याला वरून उत्तर आलं. मग राहिली ती हापसी.

पहिले तीन दिवस कोणी आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी जगदेवची आई, मनकर्णाबाई, कमरेवर घागर घेऊन वस्तीत शिरली. सत्तरी उलटलेली बाई, पण गावात तिच्या आधी कोणी पाऊल टाकत नसे, चांगल्या कामालाही आणि वाईट कामालाही. वस्तीतल्या बाया दारादारांत उभ्या राहिल्या. मनकर्णाबाईने हापसीचा दांडा दोनदा दाबला आणि सोडून दिला.

"बेबीबाई, लय जड हाय वं हे. जरासक हापसून दे."

बेबीताईने लुगड्याचा पदर खोचला आणि दांडा धरला. घागर भरली. मनकर्णाबाईने ती बाजूला सरकवली, धारेखाली ओंजळ धरली, आणि सगळ्यांच्या देखत पाणी प्याली. मग ओला हात तोंडावरून फिरवला.

"बरं हाय पानी तुमचं. नातसून दिसाची हाय माही, पोटुशी. तिच्यासाठी रोज नेत जाईन."

"न्या नं बाई. पानी कोनाच्या घरचं हाय," बेबीताई म्हणाली.

आठवड्याभरात रांग कडूनिंबापर्यंत गेली. ज्या बायांनी आयुष्यात वस्तीचा रस्ता पाहिला नव्हता, त्या चुंबळ डोक्यावर ठेवून बेबीताईच्या अंगणाशेजारी उभ्या राहून सुनांच्या चहाड्या करू लागल्या. भिवाजीची खाट दारासमोर रस्त्याकडे तोंड करून असायची. मान वळत नसल्यामुळे त्याला हापसी दिसेना.

"अवं, खाट फिरव जराशी. तिकडे, हापसीकडे."

तिने फिरवली. त्या दिवसापासून सकाळचा चहा तो रांगेकडे बघत घ्यायचा. एकदा म्हणाला, "तुही माय पायजे व्हती आज." बेबीताई राख घेऊन हापसीचा ओटा घासत होती. रोज घासायची, पाहुणे येतात म्हणून. असं सुख तिला आजवर मिळालं नव्हतं, आणि ते तोंडावर दिसतं याची तिला लाजही वाटत नव्हती. भिवाजीची हनुवटी आता छातीपासून पाच बोटं वर राहत होती. तिने ते एकदा मोजलं आणि पुन्हा मोजलं नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस विज्ञान दिन आला आणि विद्यापीठाची गाडी पुन्हा शाळेत आली. ज्यांची घरं मळ्यात आहेत, ज्यांना हापसीपर्यंत येणं जमत नाही, त्यांनी घरच्या घरी पाणी कसं सुधारावं ते या वेळी दाखवायचं होतं. व्हरांड्यात टेबल मांडलं. पुढच्या ओळीत भिवाजीला खुर्ची दिली होती, शेजारी मनकर्णाबाई बसली होती. बेबीताई हातात डाव घेऊन दारातच उभी होती, कारण आत खिचडी शिजायला लागली होती.

वैजयंतीने काचेच्या पेल्यात जगदेवच्या विहिरीचं पाणी घेतलं. एका कुपीतले थेंब त्यात टाकले. "गुलाबी राहिलं तर पाणी चांगलं. पिवळं झालं तर वाईट," ती म्हणाली. पेला पिवळा झाला. पोरांनी गलका केला. मग तिने त्याच विहिरीचं पाणी बादलीत घेतलं, त्यात चिमूटभर चुना टाकला आणि तुरटीचं पाणी ओतलं. काठीने हळूहळू ढवळलं. म्हणाली, आता तासभर थांबायचं, पांढरा साका खाली बसतो आणि फ्लोराइडला आपल्याबरोबर खाली घेऊन जातो. तोवर ज्योत्स्ना मॅडमनी पोरांना खडकांचे तुकडे दाखवले. तास झाला. वैजयंतीने पिशवीतून पांढरं सुती कापड काढलं, त्याची चौपदरी घडी केली आणि वरचं पाणी त्यातून गाळलं. थेंब टाकले. पेला गुलाबीच राहिला. टाळ्या पडल्या.

बेबीताईला टाळ्या ऐकू आल्या नाहीत. ती त्या कापडाच्या घडीकडे बघत होती. आपण काय केलं हे तिला त्या एका क्षणात कळलं, आणि कळलं नसतं तर किती बरं झालं असतं असंही तिला वाटलं. तिने गप्प राहायचं ठरवलं असतं तर जगात कोणालाही पत्ता लागला नसता. उद्या सकाळी पुन्हा रांग लागली असती, मनकर्णाबाईने पुन्हा हाक मारली असती. मग तिची नजर पुढच्या ओळीवर गेली. भिवाजी टेबलावरचा पेला बघायला खुर्चीतून अर्धा उठला होता, कारण बसल्या बसल्या त्याला खाली बघता येत नव्हतं.

"मॅडम," ती दारातूनच म्हणाली. "चुना नाई टाकला, नुसती तुरटी टाकली, त बी निंगते काय ते?"

"बरंचसं निघतं," ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या. "भरपूर तुरटी घातली आणि रात्रभर बसू दिलं तर. का हो?"

बेबीताईने डाव ठेवला. टेबलावरचा एक रिकामा पेला उचलला आणि ती फाटकाबाहेर पडली. ती वस्तीकडे चाललेली सगळ्यांना दिसत होती, पण कोणाला काही समजेना. हेडमास्तर म्हणाले, खिचडी लागेल. थोड्या वेळाने ती परत आली ती पदरही न सावरता. पेल्यात तांबूस पाणी होतं.

"हे आमच्या हापसीचं. टाका यात थेंब."

"अवं बेबीताई, ते त झालं मोजून," जगदेव म्हणाला. "वर्सभर मोजलं त्याइनं."

"टाका म्हनलं नं."

गाळ खाली बसेपर्यंत थांबावं लागलं. वैजयंतीने थेंब टाकले आणि पेला पिवळा झाला, जगदेवच्या विहिरीच्या पाण्याहून अधिक. मॅडमनी पेला उजेडात धरला, खाली ठेवला आणि त्या बेबीताईकडे बघत राहिल्या.

बेबीताईने सांगितलं. तुरटीचं, पितळी गुंडाचं, धोतराच्या घडीचं, सगळं उभ्या उभ्या सांगितलं. मायचं सांगितलं नाही.

"चूक आमची आहे," ज्योत्स्ना मॅडम मोठ्याने म्हणाल्या. "आम्ही यांना कशाची तपासणी करतोय ते सांगितलंच नाही. एक बाटली आम्ही स्वतः भरायला हवी होती. या काकांची मान दिसत असताना आम्ही कागदावर विश्वास ठेवला." त्यांनी आणखीही सांगितलं. ही हापशी सगळ्यांत खोल आहे, म्हणून तिचंच पाणी गावात सगळ्यांत वाईट आहे; आजच दुरुस्तीचं पत्र जाईल, मशीनसाठी आपण स्वतः पाठपुरावा करू. त्या खरं बोलत होत्या. पण त्यांचं ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. मुद्दाम केलं, असं मागून कोणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य व्हरांडाभर फिरून आलं.

मनकर्णाबाई उठली. "काहून केलं वं असं?"

"तुमच्या बाटलीसंगं आमची बी बाटली चांगली दिसाव म्हनून."

"चार महिने पाजलं तूनं आमाले. माह्या नातसुनेले पाजलं, दिसाच्या पोरीले."

"आमी वीस वर्सं पेलो, बाई," बेबीताई म्हणाली.

मनकर्णाबाई पदर झटकून निघून गेली आणि तिच्यामागे अर्धा व्हरांडा रिकामा झाला. जगदेव जागेवरच बसून होता. तो पिवळ्या पेल्याकडे बघत होता.

मंडळी निघाली तेव्हा बेबीताईने वैजयंतीला गाडीजवळ गाठलं. पोरीचे डोळे लाल झाले होते.

"आतापासून पानी बदललं त आमच्या याइची मान मोकळी होईन काय?"

वैजयंतीने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली नाही, नजरही चुकवली नाही. "वाढणं थांबेल, ताई. गेलेली मान परत येत नाही."

त्या दिवशी एकवीस वर्षांत पहिल्यांदा खिचडी करपली. पोरांनी मुकाट्याने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या शिपायाने येऊन हिरव्या ठिपक्यावर लाल रंग फासला. त्याला घाई होती. लाल रंगाच्या कडेने हिरवा थोडा दिसत राहिला. ओटा कोरडा होता. नवा टँकर एक दिवसाआड मारुतीच्या पारासमोर येऊ लागला. बेबीताई घागर घेऊन गेली. बायांनी आपापल्या घागरी सरकवून घेतल्या, आणि तिच्या घागरीच्या दोन्ही अंगांना हातभर जागा मोकळी राहिली. मनकर्णाबाई रांगेत पुढे होती. तिने वळून पाहिलं नाही. पाणी भरून बेबीताई घरी आली, तेव्हा घागर सांडून तिची एक बाजू ओली झाली होती.

भिवाजी खाटेवर बसून हापसीकडे बघत होता. तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"खाट फिरवू काय रस्त्याकडे?" तिने विचारलं.

"राहू दे तसीच."

तिने घागरीतून गिलास भरून आणला. त्याला मान मागे टाकता येत नसे, म्हणून गिलास तिलाच धरावा लागे. त्याने ओठ लावायच्या आधी विचारलं, "गाळलं काय?"

"नाई," बेबीताई म्हणाली. "आनलं तसंच हाय."